मोरीवाल्याचा साबण

गिऱ्हाईक : हॉटेलात शिरल्यावर मी मेनूकार्ड नंतर बघते, आधी बाथरूम कुठे आहे ते विचारते. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पाण्याचा मग फुटका नाही ना, साबणाच्या बाटलीत साबण आहे की नुसतं फेसाळ पाणी, आणि दाराबाहेरच्या बोळकांडीत काय रचून ठेवलंय. कांद्याचं पोतं आणि फरशीचं पोतेरं एकाच कोपऱ्यात दिसलं की मी बाटलीबंद पाणी घेऊन बाहेर पडते. माझा हिशेब सरळ आहे, काका. ही जागा गिऱ्हाईक बघणार, हे मालकाला माहीत असतं. माहीत असूनही तो ती अशी ठेवत असेल, तर जिथे कुणी डोकावत नाही त्या भटारखान्याची काय कथा? शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

मालक : शीत दुसऱ्याच पातेल्यातलं उचललंत, ताई. संडास घाण करतं कोण? माझी पोरं नव्हे, गिऱ्हाईक. दुपारी बारा ते तीन माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते. त्यात एकजण बेसिनमध्ये तंबाखू थुंकतो, कुणी बाळाचा डायपर कमोडमध्ये टाकून जातं, कुणी हात पुसायला टिश्यूचा अख्खा गठ्ठा ओढतं. जेवायला न येता नुसतं ‘जाऊन येतो’ म्हणणारे वेगळेच. पाव तासापूर्वी धुतलेला संडास तुम्ही जाता तेव्हा असा झालेला असतो. भटारखाना वस्तादाच्या ताब्यात आहे, तिथे परका माणूस येत नाही, आणि रात्री ओटा, फरशी, मोरीची जाळी गरम पाण्याने धुतल्याशिवाय दिवा मालवत नाही. आता उलटं बघा. मोठ्या हॉटेलांत संडासात अत्तराचा वास, आरशाभोवती दिवे, कापडी नॅपकिनांच्या गुंडाळ्या. तो खर्च सजावटीच्या खात्यात पडतो. आत परवाची ग्रेव्ही आज पुन्हा उकळतेय, हे अत्तरावरून कळेल का? वरून कीर्तन, आतून तमाशा. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं संडासावरून पारख करतात, हे ओळखूनच ते सजवलेलं असतं.

गिऱ्हाईक : म्हणजे जे दिसतं त्यावर विसंबू नये, आणि जे बघायला हवं ते मला दिसत नाही. मग माझ्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बघावं. लॉस एंजेलिसमध्ये १९९७ साली एका टीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले भटारखाने दाखवले, लोक खवळले, आणि १९९८ पासून तिथल्या काउंटीने तपासणीचा निकाल ए, बी, सी अशा अक्षरात दारावर लावायला सुरुवात केली. न्यूयॉर्कने २०१० मध्ये तेच केलं. ब्रिटनमध्ये शून्य ते पाच असे गुण देतात. वेल्समध्ये २०१३ पासून ते दारावर लावावेच लागतात, इंग्लंडमध्ये लावायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर आहे. मर्जीवर सोडलं की ज्याला पाच मिळाले तो लावतो आणि ज्याला दोन मिळाले तो कागद खणात टाकतो. आपल्याकडे एफएसएसएआयने हायजीन रेटिंग आणलं, तेही ऐच्छिकच. तुमच्या गल्ल्यामागे गणपती आहे, आजोबांचा हार घातलेला फोटो आहे, परवान्याची चौकट आहे. रेटिंगचा कागद कुठे आहे?

मालक : घेतलेलं नाही. घेणं अवघड आहे म्हणून नाही, फार सोपं आहे म्हणून. २००६चा अन्नसुरक्षा कायदा, २०११ची नियमावली, तिचं परिशिष्ट चार, हे मला तोंडपाठ आहे. नखं कापलेली हवीत, केस झाकलेले, कामाच्या जागी तंबाखू, विडी, थुंकणं बंद, जखम असेल तर ती बांधलेली, कावीळ, जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर अन्नाजवळ फिरकायचं नाही, संडासातून आल्यावर साबणाने हात, वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी, विषमज्वराच्या जातीच्या रोगांवरची लस. जागा अस्वच्छ ठरली तर एक लाखापर्यंत दंड. प्रत्येक कलमाचा कागद माझ्या फायलीत आहे. साहेब येणार असं कळलं की पोरं टोप्या घालतात, साहेब रिक्षात बसले की टोप्या खुंटीवर जातात. मे महिन्यात डोशाच्या तव्यापुढे चार तास प्लास्टिकची टोपी घालून उभं राहून बघा, मग माझ्या पोरांना नावं ठेवा. आणि डॉक्टरी तपासणी? वर्षातून एकदा नावांची यादी दवाखान्यात जाते, सर्टिफिकेटांचा गठ्ठा परत येतो. पोरं जागची हलत नाहीत. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि माझ्या मागच्या गल्लीत रोज सकाळी पुड्या झाडून काढाव्या लागतात. अर्ध्या तासात जे तपासता येतं तेच तपासलं जातं, आणि जे तपासलं जातं तेच आम्ही सांभाळतो. दारावर अक्षर लावून यात नेमकं काय बदलेल?

गिऱ्हाईक : तुमचा तो डॉक्टर प्रामाणिक असता तरी फार फरक पडला नसता, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. कावीळ घ्या, हिपॅटायटिस ए. डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत माणसाच्या विष्ठेतून सगळ्यात जास्त विषाणू पडत असतात. त्या दिवसांत तो कामावर असतो आणि बघायला धडधाकट. त्याच्या हातचं खाणारा आजारी पडतो तो दोन ते सात आठवड्यांनी. तोवर कोणत्या वारी कुठे काय खाल्लं, हे कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून तुमच्यावर कधी बालंट येत नाही. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू, तो तर पोट थांबल्यावरही काही दिवस बाहेर पडत राहतो, आणि तुमच्या गल्ल्यावरच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. साबण, वाहतं पाणी आणि चोळणं, एवढ्यानेच तो हातावरून उतरतो. मार्चमधलं सर्टिफिकेट एप्रिलबद्दल काहीच सांगत नाही. हातमोज्यांचंही तेच. पाणीपुरीवाला मोजे घालतो, त्याच मोज्यांनी पैसे घेतो, त्याच मोज्यांनी पुरी फोडतो, आणि आपण खूश! अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या लोकांनी हॉटेलांत उभं राहून पाहणी केली, तेव्हा मोजे घातलेले कामगार हात कमी वेळा धुतात असंच दिसलं. सगळं वजा करून शेवटी एकच गोष्ट उरते. संडासातून भटारखान्यात येणारे हात धुतलेले आहेत की नाहीत. रोज, दर खेपेला, कुणी बघत नसताना.

मेरी मॅलनची गोष्ट मला यासाठी महत्त्वाची वाटते. आयर्लंडमध्ये १८६९ साली जन्मलेली बाई, न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत स्वयंपाकीण. हाताला चव होती, घरं तिला मागून घेत. १९०६ मध्ये एका घरात विषमज्वर आला, जॉर्ज सोपर नावाच्या माणसाने माग काढला आणि तो तिच्यापाशी येऊन थांबला. तिला एक दिवस ताप आलेला कुणी पाहिला नव्हता. सोपरचा संशय तिच्या पीचच्या आईस्क्रीमवर होता, कारण शिजवलेल्या पदार्थातले जंतू मरतात, कच्च्या फळातले राहतात. तुमच्या उकळत्या वरणाची मला भीती नाही, काका. त्याच्याबरोबर वाटीत येणाऱ्या चिरलेल्या कांद्याची आहे.

मालक : मेरीची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका, कारण पुढची अर्धी माझ्या बाजूची आहे. तिला १९०७ मध्ये एका बेटावर नेऊन ठेवली. १९१० मध्ये सोडली ती ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ असं कबूल करून घेऊन. मग तिने करायचं काय? धुणं धुवायचं काम दिलं, त्यात स्वयंपाकापेक्षा पगार कमी. तिने नाव बदललं आणि पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये एका प्रसूतिरुग्णालयात पंचवीस जणांना विषमज्वर झाला, दोघं दगावली, आणि भटारखान्यात हीच सापडली. पुन्हा बेट, ते थेट १९३८ मध्ये मरेपर्यंत. लोक म्हणतात, केवढी हट्टी बाई! मी म्हणतो, तिच्या पोटाची सोय कुणी लावली होती? ‘तुझा हात घातक आहे, तो चालवू नकोस’ हे सांगायला सगळे होते. हात थांबवला तर पगार कोण देणार, हे सांगायला कुणी नव्हतं. परिशिष्ट चारमध्येही ते लिहिलेलं नाही. जुलाब असतील तर कामावर येऊ नये, पूर्णविराम. त्या दिवसाची हजेरी भरायची की कापायची, यावर कायदा गप्प. माझ्या चटणीवरच्या पोराला पोट बिघडल्यावर घरी बसवलं तर त्याचा दिवस बुडतो. म्हणून तो सांगत नाही. मला कळतं ते तिसऱ्यांदा मागे गेला की.

(लिहिणाऱ्याला इथे तोंड घालावंसं वाटतं. मेरीच्या बाबतीत दोघंही एक गोष्ट गाळतात. तिच्यासारखे निरोगी वाहक पुढे न्यूयॉर्कमध्ये शेकड्यांनी सापडले, त्यात अन्नाच्या धंद्यातले पुरुषही होते. आयुष्य बेटावर काढावं लागलं ते या एकट्या, परदेशी, बिनलग्नाच्या बाईला. रोग हातातून पसरतो हे शास्त्राने सांगितलं. कुणाचा हात धरायचा, हे शास्त्राने ठरवलेलं नव्हतं.)

गिऱ्हाईक : पगाराकडे येऊच. आधी मला एक सांगा, आणि फाइल न उघडता सांगा. तो तिसऱ्यांदा मागे गेला म्हणालात. मागे म्हणजे कुठे?

मालक : गल्लीच्या तोंडाशी महापालिकेचं शौचालय आहे.

गिऱ्हाईक : इथला संडास?

मालक : तो गिऱ्हाइकांचा. किल्ली गल्ल्यावर असते. आजोबांच्या वेळची पागडीची जागा आहे, ताई. चारशे फूट. संडास एकच बसतो, दुसरा काढायचा तर घरमालकाची परवानगी, महापालिकेची परवानगी, आणि दोन टेबलं कमी. शौचालयाचं दार थेट भटारखान्यात उघडू नये असाही दंडक आहे, मग काढू कुठे? सहा पोरं रात्री पोटमाळ्यावर झोपतात, त्यांना रात्रीपुरती किल्ली मिळते. दिवसा कोपऱ्यावरचं. तिथे पाणी असतं कधी, कधी नसतं. साबण मी तरी कधी पाहिला नाही.

गिऱ्हाईक : आणि तिथून परत आल्यावर?

मालक : मोरीत नळ आहे.

गिऱ्हाईक : मोरीत भांडी असतात. मी मघाशी येताना बघितलं. नळाखाली ताटांची उतरंड, शेजारी खरकट्याचं टिपाड, आणि मोरीवाला उकिडवा बसून घासतोय. त्याच्या हातांकडे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या आहेत, नखांच्या मुळाशी सूज आहे. दिवसभर भांड्यांच्या पावडरीत हात असलेला माणूस या हॉटेलात सगळ्यात जास्त साबण हाताळतो, आणि हात धुवायचा साबण तेवढा त्याला नाही. तुमच्या परिशिष्टाप्रमाणे उघडी जखम असलेला माणूस अन्नाशी किंवा भांड्यांशी नको. पण ती जखम कामानेच झालेली आहे, त्याचं काय? हॉलमध्ये मात्र बेसिनपाशी गुलाबी साबणाची बाटली आहे, कारण आपण हाताने जेवतो आणि गिऱ्हाईक हात धुतल्याशिवाय उठत नाही. ज्याचा हात फक्त त्याच्याच तोंडात जाणार आहे त्याला साबण, आणि ज्याचा हात दोनशे जणांच्या ताटात जाणार आहे त्याला कोपऱ्यावरचा रस्ता. मघाशी शीत चुकलं म्हणालात ते मी मान्य करते. गिऱ्हाइकाचा संडास बघून काही कळत नाही. कामगाराचा बघायला हवा, आणि तुमच्याकडे तो नाहीच.

तरी तुमचं बरोबर चालतं, कारण कायदा तुमच्या बाजूने मोजतो. दुकानं आणि आस्थापनांचा १९४८चा जुना कायदा जाऊन २०१७चा आला, त्यात कामगारांसाठी शौचालयाची अट आहे. पण तो कायदा पुरता लागू झाला तो दहा आणि त्यावर कामगार असलेल्यांना. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती रेषा वीसवर न्यायचा निर्णय घेतला. तुमच्या हजेरीपटावर नावं किती?

मालक : नऊ.

गिऱ्हाईक : आणि आत्ता आत माणसं?

मालक : मोजू नका. मोजलीत तर पुढचं बोलणं वेगळं होईल. बरं, तुमचं ऐकून मी उद्या नळ वेगळा बसवला, साबण ठेवला, असं समजा. समजा कशाला, करून बघितलंय. करोनानंतर भटारखान्याच्या दाराशी बेसिन बसवलं होतं, पायाने दाबायचं, साबणाची वडी जाळीत टांगलेली. पंधरवड्यात त्या बेसिनमध्ये कोथिंबीर ठेवायला लागले. वडी तशीच, वर धूळ. का? गर्दीच्या वेळी वस्ताद ओरडत असतो, तीन नंबरचा मसाला डोसा, सात नंबरला दोन थाळ्या, आणि पोरगा हात चोळत उभा राहिला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. वीस सेकंद हात धुवा म्हणतात. बाहेर तुमच्यासारखं गिऱ्हाईक मनगटावरचं घड्याळ बघतंय आणि मोबाइलवर एक चांदणी द्यायच्या तयारीत आहे, तेव्हा वीस सेकंद फार लांब असतात. सोय करून दिली की सवय लागते, हे तुमचं गृहीत मला पटत नाही.

गिऱ्हाईक : कारण तुम्ही सोय अर्धीच करून दिलीत. बेसिन दिलंत, वेळ दिला नाहीत. हात धुणाऱ्याला शिवी मिळणार असेल तर तो कोथिंबीरच ठेवणार. वस्तादाला सांगितलंत का, की धुणाऱ्यावर ओरडायचं नाही?

मालक : वस्तादाला मी सांगू? वस्ताद गेला तर हॉटेल बंद, ताई. पोरं मिळतात, वस्ताद मिळत नाही.

गिऱ्हाईक : मग अजून एक विचारते, हेही वस्तादापाशीच जाईल बहुतेक. संडास धुतं कोण?

मालक : एक मावशी येतात. सकाळी सात आणि दुपारी चार. मागच्या दाराने.

गिऱ्हाईक : चहा कुठे घेतात?

मालक : मागच्या दाराशी. त्यांचा कप वेगळा आहे. आत येत नाहीत. मी कधी मनाई केली नाही, पण वस्तादाला चालत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते ठाऊक आहे. आता तुम्ही जातीवर याल. या. पण गिऱ्हाईकही विचारतं बरं का. लग्नाची ऑर्डर द्यायला येतात, पदार्थ ठरतात, दर ठरतो, आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारतात, आचारी कोण आहे? नखं कापतो का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

गिऱ्हाईक : जातीवर येणारच, कारण तुमच्या स्वच्छतेतलं खरं भोक तिथे आहे. मावशी आल्या नाहीत तर?

मालक : मग पोऱ्या धुतो. चौदा वर्षांखालचा ठेवत नाही, २००६ पासून तशी बंदीच आहे. अठरा-एकोणिसाचा आहे. सगळे त्याला पोऱ्याच म्हणतात.

गिऱ्हाईक : आणि धुऊन झाल्यावर?

मालक : फडकं मारतो. पाणी देतो.

गिऱ्हाईक : चार बोटं चार ग्लासांत बुडवून. म्हणजे बघा, फिनेल आणि ब्रशने काम करणाऱ्या, काम झाल्यावर मनगटापर्यंत हात धुणाऱ्या मावशी भटारखान्यात आल्या तर विटाळ, आणि तेच काम करून त्याच हातांनी पोऱ्या टेबलावर ग्लास आदळतो तर कुणाला काही नाही. याला स्वच्छता म्हणत नाहीत, याला सोवळं म्हणतात. आणि सोवळ्याला जंतू दिसत नाहीत. त्याला माणूस दिसतो. आपल्या भटारखान्यांत रोज आंघोळ होते, कपाळाला गंध असतं, पहिली पोळी गाईला जाते, आणि नखाखालचा मळ तिथेच राहतो. परदेशातली हॉटेलं यात फार पुढे आहेत असं नाही. तिथेही भांडी घासणारा बहुतेक बाहेरून आलेला, कागद नसलेला, आणि ‘कामगारांनी हात धुवावेत’ अशी पाटी बेसिनवर. ती पाटी वाचते गिऱ्हाईकच, आणि निश्चिंत होते.

मालक : पटलं असं म्हणत नाही, पण यावर उत्तर नाही माझ्याकडे. आता मला विचारू द्या. माझ्या एका संडासावर हक्क सांगणारे किती, ते तुम्हीच मोजा. जेवणारं गिऱ्हाईक आहेच. आता मोबाइलवर एक निरोप फिरतो की १८६७च्या सराई कायद्याने कुठल्याही हॉटेलात पाणी आणि संडास फुकट वापरायचा हक्क आहे. लोक फोन पुढे करून मला कायदा शिकवतात.

गिऱ्हाईक : तो निरोप मीही वाचलाय. तो कायदा प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागांसाठी आहे. खोल्या, गटारं साफ ठेवा, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या विहिरी साफ ठेवा, असं त्यात आहे. जाता-येता कुणीही तुमचा संडास वापरावा, असं त्यात लिहिलेलं नाही. पण लोकांना तो निरोप खरा वाटावासा वाटतो, याचं कारण रस्त्यावर आहे. मुंबईत ‘राईट टू पी’ची मोहीम उभी राहिली ती २०११ मध्ये, बायकांना मुताऱ्यांत पैसे मोजावे लागतात आणि पुरुषांना नाही म्हणून. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली, २०१५च्या डिसेंबरात न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी शौचालयं बांधायला सांगितलं. आज लक्ष्मी रोडवर दुपारी उभ्या राहा म्हणावं एखाद्या बाईला, आणि शोधा म्हणावं. शेवटी ती तुमच्याच दारात येते, नको असलेला चहा मागवून. दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने २०१७ मध्ये हॉटेलांनाच सांगितलं, संडास सगळ्यांना खुले करा, हवं तर पाच रुपयांपर्यंत घ्या.

मालक : म्हणजे महापालिकेचं काम माझ्या कमोडवर. पाणी माझं, फिनेल माझं, मावशींचा पगार माझा. थाळी एकशे वीसला देतो, ती एकशे तीस केली तेव्हा रोजचे बँकेतले चार जण समोरच्याकडे गेले. तिथे संडासच नाही, पण थाळी एकशे दहाला आहे. तुम्ही संडास बघून हॉटेल ठरवणाऱ्या, तुमच्यासारख्या किती?

गिऱ्हाईक : कमी. आणि मीही कामगाराचा संडास बघून कधी ठरवलं नव्हतं. म्हणून दारावरच्या अक्षराचा माझा हट्ट अजून सुटत नाही, फक्त त्यात काय मोजायचं ते बदला. टोप्या आणि फाइल नको. कामगाराला संडास आत आहे का, त्याच्याजवळ साबण आहे का, आजारी दिवसाचा पगार देता का, या तीन गोष्टी लिहा दारावर. खर्च दहा रुपये वाढला तर समोरच्याचाही वाढेल.

मालक : कायदा समोरच्यालाही लागला तर. बरं, तोवर काय करू? पोरांना गिऱ्हाइकांचाच संडास खुला करू? तुम्हीच सांगा, तुम्ही बाहेर थांबलेल्या आहात, दार उघडलं आणि आतून मोरीवाला बाहेर आला, भिजलेली बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी. लगेच आत जाल?

गिऱ्हाईक : तो हात धुऊन आला असेल तर का नाही?

मालक : तुम्ही हात बघणार नाही. लुंगी बघाल.

गिऱ्हाईक : पहिल्या दिवशी लुंगीच बघेन, हे खोटं नाही. म्हणून हात दिसतील अशी सोय करा. कामगारांनीही हॉलमधल्याच बेसिनवर हात धुवावेत, सगळ्यांसमोर, तोच गुलाबी साबण.

मालक : म्हणजे पुन्हा गिऱ्हाइकाला दाखवायला. मोठ्या हॉटेलांतल्या अत्तराला मी हसलो, तेव्हा तुम्हीही हसलात.

गिऱ्हाईक : अत्तर लावून काही होत नाही. साबण लावून होतं, मग तो कुणाला दाखवायला का लावेनात. आणि गिऱ्हाईक बघतंय म्हटल्यावर वस्तादही तेवढा वेळ ओरडणार नाही.

मालक : चला, बेसिन दिलं. संडासाचीही किल्ली गल्ल्यावरून काढली, दार सगळ्यांना उघडं. आजारी दिवसाचा पगार, तोही दिला, दोन दिवसांचा, सर्टिफिकेट न मागता. दर सोमवारी कुणाचं तरी पोट दुखणार हे धरूनच. आता दुपारचा एक वाजलाय. हॉल भरलेला. संडासापुढे पाच माणसं, त्यात एक तुमच्यासारखी रस्त्यावरून आलेली ताई. आणि त्यांच्या मागे चटणीवरचा पोरगा पोट धरून उभा आहे. कुणाला आधी सोडू?

गिऱ्हाईक : पोराला.

मालक : आणि बाहेर आला, तुमच्या देखत साबणाने हात धुतले. चटणीवर परत पाठवू?

गिऱ्हाईक : नाही. जुलाब असताना साबण पुरत नाही. त्याने अन्नापासून लांब राहायला हवं, आज आणि बरा झाल्यावरही दोन दिवस.

मालक : पाच नंबरला दोन थाळ्या थांबल्यात. वस्ताद तव्यावर, मोरीवाला मोरीत, पोऱ्या आत्ताच संडास धुऊन आलाय. चटणीला कोणाला उभं करू, सांगा.